प्रत्येक रिसेटनंतर सगळे नवे खेळाडू एकाच टाउनमध्ये जमतात: कारणं आणि दुरुस्ती

लक्षण ओळखीचं आहे. माइनक्राफ्टच्या सर्व्हरवर नवा हंगाम सुरू होतो, वर्ल्ड रिसेट होतं (खेळाचं जग पुसून नव्यानं सुरू होतं), पहिल्या दोनतीन दिवसांत दहाएक टाउन, म्हणजे खेळाडूंचे जमीन धरून राहणारे गट, उभे राहतात. महिना होईतो त्यातलं एक नकाशाभर पसरलेलं असतं, एकदोन कशीबशी तग धरून असतात आणि बाकीच्यांचे मेयर (टाउनप्रमुख) चॅटमध्ये एकच तक्रार करत असतात: नवा माणूस आला रे आला की ते त्याला उचलतात. स्टाफ एखादा नियम काढतो, चार दिवस शांतता असते, मग पुन्हा तेच. पुढच्या रिसेटला मोठ्या टाउनचं नाव वेगळं, मेयरही वेगळा, पण पळसाला पानं तीनच.

मेयर बदलूनही चित्र बदलत नाही, यावरून निदानाची दिशा ठरते. एखाद्या हावरट मेयरमुळे हे होत असतं, तर तो सोडून गेल्यावर थांबलं असतं. तेव्हा ताकीद देणं, बॅन करणं, 'जरा समजून घ्या' असं सांगणं यात वेळ घालवू नका. बिघाड दोन जागी असतो. नवख्याला पहिल्या काही मिनिटांत काय दिसतं ही पहिली जागा, आणि माणसं वाढली की टाउनला सर्व्हरकडून काय मिळतं ही दुसरी. या दोन्ही जागा मेयरांच्या हातात नसतात, अ‍ॅडमिनच्या हातात असतात.

पुढचं सगळं माइनक्राफ्ट आणि टाउनी प्लगइन (सर्व्हरला टाउनांची सोय देणारी जोड) धरून लिहिलं आहे, कारण टाउन, मेयर, क्लेम (टाउनच्या ताब्यातली जमीन) ही रचना सगळ्यात जास्त तिथेच वापरली जाते. वेगळा गेम असेल आणि टाउनऐवजी गिल्ड किंवा क्लॅन असतील, तरी आकड्यांची रीत तीच राहते.

आधी मोजा, मग ठरवा

चॅटमधला आरडाओरडा हे मोजमाप नाही. मोठं टाउन असणं हासुद्धा दोष नाही. एखाद्या टाउनचे लोक खरोखर चांगले वागत असतील तर त्यांच्याकडे माणसं जाणारच, आणि जावीत. शोधायचं एवढंच की नवखा निवड करतोय, की निवड करायच्या आधीच कुठेतरी ढकलला जातोय.

सुरुवातीला टाउनांची 'परिणामी संख्या' काढा. प्रत्येक टाउनचा एकूण रहिवाशांतला वाटा घ्या, त्याचा वर्ग करा, सगळ्या वर्गांची बेरीज करा आणि १ ला त्या बेरजेनं भागा. राज्यशास्त्रात राजकीय पक्षांची परिणामी संख्या याच सूत्रानं काढतात (लाक्सो आणि तागेपेरा, १९७९). समजा, १०० रहिवासी आणि आठ टाउन आहेत, आणि वाटणी ६०, १२, ८, ६, ५, ४, ३, २ अशी आहे. वर्गांची बेरीज येते ०.३८९८, म्हणजे परिणामी संख्या साधारण २.६. यादीत आठ टाउन दिसतात, पण खेळ अडीच टाउनांचा चाललाय. हा आकडा दर रविवारी एका तक्त्यात लिहून ठेवला की घसरण नेमकी कधी सुरू झाली ते कळतं. बहुतेक वेळा ती तक्रारी सुरू होण्याच्या बऱ्याच आधी झालेली असते.

दुसरं मोजमाप जास्त बोलकं आहे: पहिल्या लॉगिनपासून टाउनमध्ये सामील होईपर्यंत किती वेळ गेला. टाउनीच्या नोंदींत रहिवाशाची नोंदणी केव्हा झाली आणि तो टाउनमध्ये केव्हा आला हे दोन्ही असतं. निम्म्याहून जास्त नवखे पहिल्या पंधरा मिनिटांत सामील होत असतील, तर त्यांनी काही पाहून निवड केलेली नाही. जो आधी दिसला किंवा जो आधी बोलला, त्याच्याकडे ते गेले.

तिसरं, दोन आठवड्यांनी त्यांच्यातले किती जण अजून खेळताहेत. इथे एक जुना खड्डा आहे. खेळलेल्या वेळेच्या माइनक्राफ्टमधल्या आकडेवारीचं नाव १.१७ आवृत्तीपर्यंत 'प्ले वन मिनिट' होतं, पण त्यात मिनिटं मोजली जात नव्हती, टिक (खेळाच्या घड्याळाचे ठोके) मोजले जात होते. सेकंदाला २० टिक, म्हणजे तासाला ७२,०००. १.१७ मध्ये नाव बदलून 'प्ले टाइम' झालं, मोजणी अजूनही टिकमध्येच आहे. शिवाय एएफके (खेळ चालू ठेवून दूर गेलेला, नुसता) उभा राहिलेला माणूसही त्यात धरला जातो. इसेन्शियल्स-एक्स या प्लगइनमध्ये माणूस आपोआप एएफके ठरायला मूळ सेटिंगनुसार ३०० सेकंद लागतात. खरा खेळ मोजायचा असेल तर ती वेळ वजा करणारं काहीतरी लावावं लागतं.

आणि मोजण्याआधी भुतं काढून टाका. बंद पडलेली खाती रहिवाशांच्या संख्येत तशीच बसून असतात आणि टाउनला त्यांच्या नावावर क्लेमही मिळत राहतात. इतके दिवस न आलेल्या रहिवाशांना काढून टाकणारी 'पर्ज' आज्ञा टाउनीच्या अ‍ॅडमिन आज्ञांत आहे, आणि तेच काम आपोआप करणारी सेटिंगही आहे. मुदत सगळ्या टाउनांना एकच ठेवा आणि आधी जाहीर करा.

यादीचा क्रम: सगळ्यात स्वस्त दुरुस्ती

नवखा सर्व्हरवर आला, कुणीतरी त्याला टाउनांची यादी बघायला सांगितली, त्यानं आज्ञा दिली. समोर काय येतं? टाउनीची यादी काही वेगळं सांगितलं नाही तर रहिवाशांच्या संख्येनुसार येते, सगळ्यात मोठं टाउन सगळ्यात वर, शेजारी आकडा. लहान टाउन दुसऱ्या पानावर. दुसरं पान कोण उघडतं?

हा किरकोळ मुद्दा वाटतो, पण नाही. सालगानिक, डॉड्स आणि वॉट्स यांनी २००६ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात एक प्रयोग मांडला होता. १४,००० हून अधिक लोकांना ४८ अनोळखी गाणी ऐकायला दिली. काही जणांना फक्त गाणी दिसत, काहींना त्यांच्या गटातल्या इतरांनी कुठलं गाणं किती वेळा उतरवून घेतलंय तेही दिसे. असे आठ स्वतंत्र गट होते. आकडे दिसणाऱ्या गटांत विषमता वाढली. गाणी आकड्यांच्या उतरत्या क्रमानं लावल्यावर ती आणखी वाढली. शिवाय एका गटात वर गेलेलं गाणं दुसऱ्या गटातही वर जाईलच असा भरवसा राहिला नाही. फार चांगली गाणी सहसा तळाला गेली नाहीत आणि फार वाईट सहसा वर आली नाहीत, पण मधल्यांचं नशीब सुरुवातीच्या काही क्लिकवर ठरलं.

आपली टाउनं बहुतेक सगळी 'मधली'च असतात. म्हणून दर हंगामात वेगळं टाउन मोठं होतं आणि तरी एकच टाउन मोठं होतं.

याच्या मागचं गणित १९२३ पासून माहीत आहे. एगेनबर्गर आणि पोल्या यांच्या मांडणीत एका भांड्यात एक लाल आणि एक काळा चेंडू असतो. डोळे मिटून एक काढायचा, तो परत टाकायचा आणि त्याच रंगाचा आणखी एक टाकायचा. असं करत राहिलं की रंगांचं प्रमाण कुठेतरी स्थिरावतं, पण कुठे स्थिरावेल ते आधी सांगता येत नाही: ० ते १ मधलं कुठलंही प्रमाण सारख्याच शक्यतेचं असतं. सगळं सुरुवातीच्या दहावीस चेंडूंत ठरतं, पुढचे शेकडो चेंडू त्यावर फक्त शिक्का मारतात. नवखा टाउनच्या आकाराच्या प्रमाणात टाउन निवडत असेल, तर रिसेटनंतरचे पहिले दोन दिवस म्हणजे ते दहावीस चेंडू. तिसऱ्या आठवड्यात नियम आणून फरक पडत नाही तो याच कारणानं.

दुरुस्ती अशी: नवख्यांच्या गटाला मूळ यादीच्या आज्ञेची परवानगी देऊ नका, त्याऐवजी स्वतःचा मेनू दाखवा. मेनूत रहिवाशांचा आकडा नको. क्रम यादृच्छिक हवा, पण प्रत्येक खेळाडूपुरता पक्का. खेळाडूचा यूयूआयडी (खात्याचा कायमचा क्रमांक) आणि टाउनचं नाव जोडून त्याचा हॅश (त्या मजकुरातून दर वेळी तोच निघणारा आकडा) काढा आणि त्यावर क्रम लावा. क्रम दर वेळी नव्यानं फेकला तर मोठ्या टाउनचा एखादा हुशार रहिवासी नवख्याला 'पुन्हा उघड, पुन्हा उघड' असं सांगत बसतो. हे अंदाजानं लिहिलेलं नाही.

मेनूत काय दाखवायचं यावर मात्र वेळ घालवा. टाउन कशाच्या मागे आहे (बांधकाम, व्यापार, लढाई), कर किती, नवख्यासाठी मोकळा प्लॉट आहे का, आणि तिथले लोक साधारण कुठल्या वेळी ऑनलाइन असतात. शेवटची ओळ सगळ्यात महत्त्वाची. रात्री उशिरा खेळणारा माणूस दुपारी खेळणाऱ्यांच्या टाउनमध्ये गेला की तो चार दिवस एकटाच दगड फोडतो आणि पाचव्या दिवशी येत नाही.

आवाजाची मर्यादा टाउनला लावा, माणसाला नाही

जवळजवळ प्रत्येक सर्व्हरवर पहिला नियम असा येतो की एका खेळाडूनं इतक्या मिनिटांत एकदाच भरतीचा मेसेज टाकायचा. नियम सगळ्यांना सारखा, म्हणून न्याय्य वाटतो. पण ज्या टाउनचे वीस जण ऑनलाइन आहेत त्यांच्याकडे वीस मेसेज आहेत, आणि ज्या टाउनचा एकटा मेयर जागा आहे त्याच्याकडे एक. नियमानं दरी कमी झाली नाही, तिला अधिकृत रूप मिळालं.

म्हणून मोजणी टाउनच्या नावावर करा. भरतीसाठी वेगळं चॅनेल, तिथे प्रत्येक टाउनला ठरावीक काळात एक मेसेज, मग तो कुणीही टाको. मुख्य चॅटमध्ये भरती बंद. खाजगी मेसेजचं काय, हा खरा त्रासाचा भाग आहे, कारण तिथे स्टाफला काही दिसत नाही. लकपर्म्स या परवानग्यांच्या प्लगइनमध्ये ठरावीक वेळेनं आपोआप संपणारं गट-सदस्यत्व देता येतं. नवख्याला पहिल्या तासापुरतं अशा गटात ठेवा, ज्यात अनोळखी माणसाचा खाजगी मेसेज आणि टाउनचं निमंत्रण पोहोचत नाही. मदतनीसांचं चॅनेल मात्र उघडं हवं, आणि मदतनीस कुठल्या टाउनचा आहे ते तिथे दिसता कामा नये. स्वागत करणारा मदतनीसच आपल्या टाउनचा रस्ता दाखवत असेल, तर बाकी सगळे नियम कागदावर.

टाउनीत न स्वीकारलेल्या निमंत्रणांच्या संख्येवर मर्यादा आहे, निमंत्रणं आपोआप रद्दही होतात. पण त्यानं वेग आवरत नाही, फक्त साठा आवरतो. तेवढ्यावर विसंबू नका.

थांबवा, पण थोडंच

टाउन 'ओपन' ठेवलं की कुणीही निमंत्रणाशिवाय सामील होऊ शकतो. मोठ्या टाउनांना हे सोयीचं असतं, भरती आपोआप चालते. ओपन बंद करायला लावू नका. नवख्याला सामील होण्याची परवानगी थोडी उशिरा द्या.

किती उशिरा, यावर वाद होतो. माझं मत स्पष्ट आहे: नुसतं घड्याळ लावू नका. पहिला तास हा नवखा सोडून जाण्याचा सगळ्यात धोक्याचा तास असतो, त्यात त्याला 'अजून चाळीस मिनिटं थांब' असं सांगणं म्हणजे दार दाखवणं. त्यापेक्षा अट अशी ठेवा: मेनूतली कुठलीही तीन टाउन पाहून ये, की परवानगी सुरू. ज्याला पाहायचं नाही त्याच्यासाठी तासाभराच्या खेळानंतर ती आपोआप सुरू. पाहायला जाणं फुकट आणि सोपं हवं. टाउनचा स्पॉन (येऊन उतरण्याची जागा) 'पब्लिक' केलेला असेल तर बाहेरच्यांना तिथे टेलिपोर्ट करता येतं, नवख्यांच्या गटाला त्याचं शुल्क लावू नका. ज्या टाउनला मेनूत यायचंय त्यानं स्पॉन पब्लिक ठेवायचा, एवढी अट पुरे.

आणि मित्रानं आणलेला माणूस या सगळ्यातून वगळा. तो टाउन ठरवूनच आलेला असतो. त्याला अडवलं तर दोघंही जातात. पळवाट उघड आहे: उद्या प्रत्येक नवखा कुणाचा तरी 'मित्र' निघेल. म्हणून मित्र-पास (या सवलतीची नोंद) नवख्याच्या पहिल्या लॉगिनच्या आधी नोंदवलेला असला पाहिजे. जो माणूस अजून आलेलाच नाही, त्याचं नाव त्याच्या मित्रालाच माहीत असतं. वाटणीचा प्रश्न उरतो तो कुणालाही न ओळखणाऱ्या नवख्यांपुरता, आणि हिशेबही तेवढ्यांचाच ठेवा. नाहीतर मोठं टाउन स्वतःचे मित्र आणतंय म्हणून त्याला दोष देत बसाल.

डोक्यामागे जमीन: मूळ दुखणं

इथवर केलं की घसरण मंदावते. थांबत नाही, कारण मेयरला माणूस हवा असतो तो माणसासाठी कमी आणि क्लेमसाठी जास्त.

टाउनीत 'टाउन ब्लॉक रेशो' ही सेटिंग आहे. रहिवासी गुणिले रेशो, तेवढे टाउन ब्लॉक, आणि एक टाउन ब्लॉक म्हणजे साधारणपणे १६ बाय १६ ठोकळ्यांचा चंक (जमिनीचा तुकडा). रेशो ८ धरला तर पाच जणांच्या टाउनला ४० ब्लॉक, साठ जणांच्या टाउनला ४८०. प्रत्येक नवा रहिवासी म्हणजे जमिनीचा नवा तुकडा, तो रहिवासी परत कधी आला नाही तरी. असा नियम असताना मेयरनं भरतीत संयम ठेवावा ही अपेक्षाच चुकीची आहे.

रेशो ० केला की टाउनी पातळ्यांचा तक्ता वापरतो. सोबत येणारा तक्ता मात्र नीट वाचा: एका रहिवाशाला १६ ब्लॉक, दहांना १६०, वीसांना ३२०, अठ्ठावीसांना ४४८. म्हणजे डोक्यामागे १६, अगदी सरळ रेषेत, फक्त पायऱ्या पाडलेल्या. अठ्ठाविसाच्या पुढे वाढ थांबते एवढाच फायदा. तुमच्या फाइलमधले आकडे एकदा पडताळून बघा आणि तक्ता स्वतः लिहा, कारण पातळ्या हव्या तितक्या घालता येतात.

एक नमुना: पहिल्या पाच रहिवाशांना प्रत्येकी २४, पुढच्या दहांना प्रत्येकी १२, त्यापुढच्या पंधरांना प्रत्येकी ६, मग प्रत्येकी २. पाच जणांच्या टाउनला १२० ब्लॉक होतात, पंधरांना २४०, तिसांना ३३०, साठांना ३९०. मोठं टाउन मोठंच राहतं, पण एकसष्टाव्या माणसासाठी धावपळ करण्यात त्याला फारसा अर्थ उरत नाही, आणि लहान टाउनसाठी सहावा माणूस खरोखर मोलाचा ठरतो. मोठ्या टाउनचे लोक ओरडतील. हंगामाच्या मधे हा तक्ता बदललात तर त्यांचं ओरडणं रास्त आहे, रिसेटलाच बदला.

देखभाल खर्चाकडेही बघा. टाउनीत टाउनचा रोजचा खर्च मुळात एका ठरावीक रकमेपासून सुरू होतो, सेटिंगमध्ये ती १० असते. पातळीचा गुणक १ असेल तर साठ जणांच्या टाउनला डोक्यामागे एका नाण्याचा सहावा हिस्सा पडतो, तिघांच्या टाउनला तीन नाण्यांहून जास्त. लहान टाउन बुडण्याचं हे एक गुपचूप कारण आहे. टाउन बुडालं की त्याचे रहिवासी मोठ्याकडे जातात, आणि ही भरती कुणाच्या लक्षातही येत नाही. प्लॉटच्या संख्येवर खर्च आकारण्याचा पर्याय आहे, तो चालू करा. दिवाळखोरीचा पर्यायही चालू ठेवा, म्हणजे पैसे संपल्याच्या दिवशीच टाउन पुसलं जात नाही, आधी कर्जात जातं आणि सावरायला वेळ मिळतो.

आता यातली पळवाट. साठ जणांचं टाउन स्वतःला बारा तुकड्यांत फोडून घेईल: बारा गुणिले १२०, म्हणजे ३९० च्या जागी १,४४० ब्लॉक. नफा डोळ्यांत भरण्यासारखा आहे, तेव्हा कुणीतरी करणारच. टाउन स्थापनेचं शुल्क वाढवणं आणि दोन टाउनांच्या होमब्लॉकमधलं (मुख्य ब्लॉकमधलं) किमान अंतर वाढवणं हे दोन उपाय सेटिंगमध्येच आहेत, पण शुल्क फार वाढवलं तर खरे नवे मेयर मरतात. मी अंतर वाढवण्याच्या बाजूचा आहे. मेनूतली जागा राष्ट्राला (टाउनांच्या संघाला) एक अशी धरली तर फुटलेल्या टाउनांना बारापट प्रसिद्धीही मिळत नाही. बाकी, फुटलेल्या टाउनांत खरोखर बारा वेगळे मेयर स्वतःचे निर्णय घेत असतील, तर मला त्यात वाईट काही दिसत नाही. सर्व्हरला हवं होतं ते हेच.

रहिवाशांवर कमाल मर्यादा आणि लहानांना बक्षीस

टाउनीत रहिवाशांची कमाल संख्या ठरवता येते. मोह होतो, कारण एक ओळ बदलली की काम झालं. पण मर्यादेला पोचलेलं टाउन पहिल्यांदा काय करतं? सगळ्यात कमी खेळणाऱ्याला बाहेर काढतं. तो बहुधा नवखाच असतो. मग शेजारी त्याच नावाचं 'दोन नंबर' टाउन निघतं. मर्यादा ठेवायचीच तर खूप वर ठेवा, छप्पर म्हणून. रोजच्या वाटणीचं हत्यार म्हणून ती वापरू नका.

कमी माणसं असलेल्या बाजूला बक्षीस देणं ही मोठ्या गेममधलीही रीत आहे. प्लॅनेटसाइड २ मध्ये कमी लोकसंख्येच्या फॅक्शनला जादा अनुभव-गुण मिळतात, वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमध्ये वॉर मोडमध्ये (खेळाडूंनी आपसांत लढण्याच्या पर्यायात) कमी पडणाऱ्या बाजूचा बोनस वाढवला जातो. टाउनांच्या बाबतीत बक्षीस टाउनच्या तिजोरीत टाकू नका, ऑल्ट (त्याच माणसाची जादा) खाती उघडून ते लुटलं जातं. नवख्याच्या हातात द्या आणि टिकण्याशी जोडा: लहान टाउनमध्ये गेलेला नवखा ठरावीक तास खरोखर खेळला, की त्याला आणि त्याला शिकवणाऱ्याला काहीतरी. सामील झाल्याबद्दल बक्षीस दिलंत तर सामील होणंच वाढेल, राहणं वाढणार नाही.

उद्घाटनाच्या दिवसासाठी वेगळी रीत

रिसेटच्या दिवशी एकाच वेळी कुणालाही न ओळखणारे खूपसे खेळाडू येतात, आणि वर म्हटल्याप्रमाणे हंगाम तिथेच ठरतो. त्या दिवसापुरती जुळणी करता येते. प्रत्येक इच्छुक आपल्या पसंतीची काही टाउन क्रमानं लिहितो, टाउन आपल्या जागा आणि पसंती सांगतात, आणि गेल व शेपली यांच्या १९६२ च्या पद्धतीनं जोड्या लावायच्या: इच्छुक आपल्या पहिल्या पसंतीला विचारतो, टाउन जागा असेल तोवर तात्पुरतं धरून ठेवतं, आणखी आवडता इच्छुक आला तर आधीच्याला सोडतं, सुटलेला पुढच्या पसंतीकडे जातो. विचारणारी बाजू नवख्यांची ठेवली तर खरी पसंती लिहिण्यात त्यांचं कधीच नुकसान होत नाही. शंभरेक नावांसाठी हे छोट्या स्क्रिप्टचं काम आहे. रोज येणाऱ्या एकदोघांसाठी ही रीत निरुपयोगी, कुणी आठवडाभर वाट बघत बसणार नाही.

पण तिच्याकडून चमत्काराची अपेक्षा नको. नव्या डॉक्टरांना रुग्णालयं वाटून देण्याच्या अभ्यासातून रॉथ यांनी १९८६ मध्ये एक गोष्ट सिद्ध केली, तिला 'ग्रामीण रुग्णालयांचं प्रमेय' म्हणतात: एका स्थिर जुळणीत (जिथे मिळालेल्यापेक्षा एकमेकांनाच जास्त पसंत करणारी जोडी वेगळी राहत नाही) ज्या रुग्णालयाच्या जागा रिकाम्या राहतात, त्याला दुसऱ्या कुठल्याही स्थिर जुळणीत नेमकी तीच माणसं मिळतात. म्हणजे जुळणीची पद्धत कितीही चतुराईनं बदला, नको असलेलं टाउन भरत नाही. ते हवंसं व्हावं लागतं. म्हणून मेनूत यायला किमान अटी ठेवा: मेयर किंवा असिस्टंट गेल्या तीन दिवसांत ऑनलाइन आलेला असावा, नवख्यासाठी शून्य किमतीला लावलेला एक तरी प्लॉट असावा. जिथे कुणीच नाही तिथे नवख्याला पाठवणं हा टाउनला न्याय असेल, पण नवख्यावर अन्याय आहे, आणि सर्व्हरचा तोटाही.

सगळं करूनही उलटलं तर

परिणामी संख्या घसरतेय, पण न ओळखणारे नवखे सगळीकडे जाताहेत: मग गळती टाउन बदलण्यातून आहे. लोक लहान टाउनमध्ये शिकतात आणि मोठ्यात जातात. इथे भरतीचे नियम घट्ट करून उपयोग नाही. सोडून गेलेल्या पाचसहा जणांना कारण विचारा. उत्तर बहुधा 'तिथे कुणी नसायचं' असं येतं, आणि ते ऑनलाइन वेळांच्या ओळीकडे परत नेतं.

सामील होण्याचा वेळ वाढला, तरी बहुतेक जण त्याच टाउनमध्ये जाताहेत: स्पॉनच्या आसपास फिरून बघा. सगळ्यात जवळचं टाउन कुठलं आहे? पायी चालत निघालेला नवखा रस्त्यात पहिल्यांदा कुणाच्या भिंतीशी पोचतो? स्पॉनभोवती क्लेमबंदीचा पट्टा नसेल तर तो पुढच्या रिसेटला आखा, असेल तर रुंद करा. नकाशाच्या वेब पानावर नवखा पहिल्यांदा कुठला भाग बघतो, तेही तपासा.

मेनूतून फारच थोडे जण टाउन निवडताहेत, मित्र-पास मात्र वाढलेत: पासवर दिलेलं नाव आणि प्रत्यक्ष लॉगिन यांच्यातलं अंतर बघा. सर्व्हरच्या चॅट समूहात नुकत्याच आलेल्यांची नावं उचलून, ते सर्व्हरवर यायच्या आत पास काढले जात असतील, तर एका रहिवाशाला महिन्याला मोजकेच पास ठेवा.

आणि एखाद्या मोठ्या टाउनचे नवखे दोन आठवड्यांनंतरही टिकून असतील, इतरांपेक्षा जास्त टिकत असतील, तर तिथे काहीही दुरुस्त करू नका. त्यांच्या मेयरला विचारा की ते नवख्याला पहिल्या दिवशी काय करायला देतात, आणि ते बाकीच्या मेयरांना सांगा.